न आलेल्या उत्तराची चिंता

नवा रायपूर येथे आम्हां काही मराठी कुटुंबांची दर गुरुवारी सायंकाळी गीतावाचनाची बैठक असते. कोणा एकाच्या घरी दहाबारा मंडळी जमतात, एखाद्या अध्यायाचे वाचन होते, थोडी चर्चा होते, आणि चहा घेऊन मंडळी उठतात. अशाच एका बैठकीत, दुसरा अध्याय चालू असता, पन्नाशी उलटलेल्या एका बाईंनी संकोचाने विचारले, "काकाजी, पुण्याच्या मुलाला परवा रात्री मेसेज पाठवला. जेवलास का, एवढेच विचारले होते. त्याने वाचला, निळी खूणही आली. पण उत्तर नाही. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. गीतेत यावर काही सापडेल का?" बैठकीत हशा पिकला. बाईही हसल्या, थोड्या ओशाळल्या, आणि पुढचा श्लोक सुरू झाला.

घरी परतताना त्या हशाचे मला वाईट वाटले. हसणाऱ्यांत मीही होतो. वास्तविक स्थितप्रज्ञाची लक्षणे वाचत असताना मांडीजवळ ठेवलेल्या मोबाईलकडे आपण किती वेळा पाहिले, याचा हिशेब त्या दिवशी प्रत्येकाने मनाशी केला असता तर कोणालाच हसू आले नसते. बाईंनी आपली व्यथा उघड केली, आम्ही ती झाकून ठेवली, एवढाच काय तो भेद. आणि प्रश्न लहान वस्तूचा आहे म्हणून तो लहान ठरतो, असेही नाही. पायात रुतलेला काटा तिळाएवढा असला तरी चालणारा माणूस थांबतोच. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर जमेल तसे येथे शोधण्याचे योजिले आहे.

पूर्वीच्या लोकांना ही व्यथा ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. तिचे स्वरूप मात्र निराळे होते. या छत्तीसगडात मराठी माणसे आली ती बहुतेक नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात, अठराव्या शतकात. त्यांच्या घरच्यांना त्यांची खबर कळायची ती येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडून किंवा सरकारी जासूदाबरोबर आलेल्या चिठीतून. भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, तरी त्यानंतर पुष्कळ वर्षे रायपूर हे दूरचेच गाव राहिले. १८७७ साली बालवयातील नरेंद्र, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, आपल्या आईबरोबर रायपुरास आले, तेव्हा प्रवासाचा मोठा भाग घनदाट अरण्यातून बैलगाडीने करावा लागला आणि त्यास पंधरवड्याच्या वर दिवस लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांचे वडील आधीच रायपुरात येऊन राहिले होते. गाडी आज कोणत्या मुक्कामी आहे हे त्यांना कळविण्याची काही सोय त्या रानात नव्हती. दिवस मोजावेत, आणि येतील तेव्हा दाराशी उभे राहावे.

पुढे १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि गरिबाच्या घरीही पत्र येऊ लागले. नोकरीवर गेलेला मुलगा 'सुखरूप पोचलो' म्हणून कार्ड टाकी, ते चार दिवसांनी हाती येई. आईने उलट टपाली उत्तर धाडले तरी तिच्या उत्तराचे उत्तर येण्यास आठवडा सहज लागे. या आठवड्यात काळजी नसे काय? असेच. पण उशिराला राहावयास जागा होती. टपाल चुकले असेल, पूर आला असेल, पोस्टमन आजारी असेल, पत्ता नीट वाचता आला नसेल. उशीर या सगळ्यांत वाटला जाई, आणि पत्र न लिहिणाऱ्याच्या वाट्याला त्याचा थोडाच अंश येई. टपालखात्याने आपल्या कुटुंबांतील कितीतरी रुसवे स्वतःच्या अंगावर घेतले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. जुन्या मराठी पत्राच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' असे लिहिण्याची रीत होती. उत्तर हवेच असेल तर 'पत्राची पोच द्यावी' असे वेगळे लिहीत. म्हणजे मागणी दोन प्रकारची होती आणि दोहोंचे शब्द निराळे होते. पोच मागणे हा व्यवहार, लोभ मागणे हे प्रेम. पोच आली नाही म्हणून लोभ आटला, असा अर्थ कोणी काढीत नसे. आजच्या संदेशात पोचही नाही आणि लोभही नाही. त्यात असते 'जेवलास का?' आणि त्या दोन शब्दांत आपण हे दोन्ही प्रश्न न लिहिता कोंबलेले असतात.

आता आजची यंत्रणा पाहू. तिचे कार्य नीट समजले तरी निम्मी चिंता कमी होण्यासारखी आहे. व्हॉट्सॲपवर संदेश पाठविला की एक करडी खूण उमटते. तिचा अर्थ संदेश आपल्या हातून सुटला. दोन करड्या खुणा उमटल्या म्हणजे तो पलीकडच्या यंत्रात पोचला. त्या दोन खुणा निळ्या झाल्या म्हणजे तो तेथे उघडला गेला. ही निळी खूण नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी संदेश पोचल्याचे कळे, वाचल्याचे कळत नसे. ज्यास ती नको असेल त्याला ती बंद ठेवता येते, मात्र मग दुसऱ्याने वाचले की नाही हेही त्यास दिसत नाही. एकच करडी खूण कित्येक तास राहिली तर पलीकडचे यंत्र बंद असेल, तेथे जाळे पोचत नसेल, किंवा त्या माणसाने आपल्याला अडविले असेल. यांतले कोणते खरे, हे खूण सांगत नाही. निळी खूणदेखील इतकेच सांगते की पडद्यावर अक्षरे आली. ती वाचताना तो माणूस रस्ता ओलांडत होता काय, वरिष्ठांसमोर उभा होता काय, तापाने फणफणत होता काय, यांतले तिला काही ठाऊक नसते. पडदा उघडला याचा अर्थ मन उघडले असा आपण करतो. त्या खुणेने तसे कधी म्हटलेले नाही.

मधले सगळे दुवे असे उघडे झाल्यामुळे उशिराला राहावयास जी जागा होती ती नाहीशी झाली. टपाल निर्दोष ठरले, तार निर्दोष ठरली (आपल्या देशातील तारसेवा तर जुलै २०१३ मध्येच बंद झाली), यंत्र निर्दोष ठरले. उरला एकटा माणूस, आणि तोच दोषी.

त्यात आमचे हे नवे शहर. मंत्रालय २०१२ साली येथे आले, २०१८ साली शहराचे नाव अटल नगर झाले, रस्ते प्रशस्त आहेत, झाडे लावली आहेत; पण दिवे लागल्यानंतर अनेक सेक्टरांत माणसाचा आवाज कानी पडत नाही. कार्यालयांतले पुष्कळ कर्मचारी सायंकाळी बसने जुन्या रायपुरास परत जातात. जुन्या रायपुरातील तात्यापाऱ्यासारख्या दाट वस्तीत कोणाच्या मुलाची खबर चार घरे फिरून का होईना, कानावर येई. शेजारीण विचारी आणि विचारण्यातच अर्धे ओझे उतरे. येथे सेंध जलाशयाच्या काठी संध्याकाळी बसलेली माणसे पाहावीत. समोर पाणी आहे, पाखरे आहेत, मावळतीचा रंग आहे. आणि दहांपैकी आठांचे डोळे तळहाताकडे. मी तेथे नववा असतो.

आता मूळ विषयाकडे येऊ. 'चिंता' या एका नावाखाली आपण दोन अगदी भिन्न वृत्ती एकत्र करतो, आणि त्या वेगळ्या केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मुलगा पावसात मोटारसायकलने नागपुराहून निघाला आहे, चार तासांत पोचतो असे म्हणाला होता, सात तास झाले तरी संदेशाला उत्तर नाही. ही चिंता त्याच्यासाठी आहे. येथे कोणी स्थितप्रज्ञतेचा उपदेश करू लागेल तर त्याने गीता वाचलीच नाही असे मी म्हणेन. अर्जुनाला भगवंतांनी गप्प बसावयास सांगितले नाही, उठावयास सांगितले. अशा वेळी फोन करावा, बरोबरच्या माणसास विचारावे, वाटेवरच्या ओळखीच्यास कळवावे, आवश्यक तर पोलिसांत जावे. या चिंतेला करण्याजोगे कर्म असते आणि ते कर्म हाती घेताच तिचे निम्मे बळ ओसरते.

दुसरी वृत्ती अशी की मुलगा सुखरूप आहे हे आपल्याला पक्के माहीत आहे. त्याने सकाळी कोणाच्या तरी छायाचित्राखाली हसरे चित्र टाकलेले आपण पाहिले आहे. तरी जीव कासावीस होतो. ही चिंता त्याच्यासाठी नाही, ती आपल्यासाठी आहे. 'मी त्याचा अजून कोणी आहे की नाही?' हा तो खरा प्रश्न. तो लाजिरवाणा नाही. आईबापांच्या, भावाबहिणींच्या मनात तो असणारच. पण आपण त्यास मुलाच्या काळजीचे वस्त्र नेसवतो आणि मग स्वतःच फसतो. बैठकीतील बाईंची दोन रात्रींची झोप कोणत्या प्रश्नाने नेली, हे त्यांनी स्वतःशी पाहावयाचे. दुसऱ्याने सांगण्याचे ते काम नव्हे.

या दुसऱ्या वृत्तीचा उतार कसा असतो, हे दुसऱ्या अध्यायाच्या ६२व्या व ६३व्या श्लोकांत दाखविले आहे. विषयाचे सतत चिंतन, त्यातून त्याची ओढ, ओढीतून इच्छा, इच्छा अडली की क्रोध, क्रोधातून मोह, मग स्मृतीचा गोंधळ आणि अखेर बुद्धीचा नाश. आपण समजतो की येथे विषय म्हणजे काही सुंदर, लोभनीय वस्तू असली पाहिजे. पण मोबाईलवरील रिकामी जागादेखील विषय होऊ शकते! तासात दहा वेळा जिच्याकडे पाहिले ती कोरी जागाच मनाला चिकटते. यातली 'स्मृतीचा गोंधळ' ही पायरी मला विशेष खरी वाटते. क्रोध आला की त्या माणसाविषयी पूर्वी अनुभवलेले सारे चांगले एकदम विसरले जाते, आणि वीस वर्षांपूर्वीची एखादी चूक मात्र काल घडल्यासारखी आठवते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून माझे आणि धाकट्या भावाचे बोलणे वाढले. दोष बहुतांशी माझा होता. मी त्याच्या पत्नीसमोर त्याचा अपमान होईल असे बोललो. पुढे पश्चात्ताप झाला. समक्ष जाण्याचे धैर्य नव्हते म्हणून मी त्यास मोबाईलवर एक दीर्घ संदेश लिहिला आणि क्षमा मागितली. दहा मिनिटांत निळी खूण उमटली. उत्तर आले नाही. एक दिवस गेला, तीन गेले, आठ गेले. या दिवसांत मी काय केले ते सांगतो. मी त्याची उत्तरे लिहीत बसलो. कागदावर नव्हे, मनात. पहिल्या दिवशी मनातला माझा भाऊ म्हणाला, 'दादा, झाले ते झाले.' तिसऱ्या दिवशी म्हणाला, 'आता क्षमा मागून काय उपयोग?' सहाव्या दिवशी म्हणाला, 'तुला घर हवे म्हणून हे गोड शब्द.' हे शेवटचे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की ते त्याने खरोखरच उच्चारले आहे असे मला वाटू लागले. अकराव्या दिवशी रात्री मी त्या वाक्याला उत्तर दिले. कडू उत्तर दिले. पाठविले.

या दुसऱ्या संदेशाला मात्र दोन मिनिटांत प्रत्युत्तर आले. तो लिहीत होता की पहिल्या संदेशाचे उत्तर त्याने चार वेळा लिहिले आणि चार वेळा पुसले, कारण थोरल्या भावाने क्षमा मागितल्यावर काय लिहावे हे त्यास कळेना. आता ते लिहिण्याची गरज उरली नाही.

त्यानंतर त्याच्या मुलाच्या लग्नात आम्ही एका पंगतीत जेवलो. तो मला आग्रहाने वाढावयास सांगत होता. बोलणे चालू आहे, येणेजाणे आहे. पण माझ्या त्या पहिल्या संदेशाला आजतागायत उत्तर नाही, आणि ते मागण्याचा अधिकार मी त्या रात्री माझ्या हाताने घालविला.

या अनुभवावरून मला जे कळले ते असे. उत्तर न येणे ही पलीकडच्या माणसाची कृती असेल किंवा नसेल. पण त्याच्या नावाने उत्तर रचणे ही निश्चितपणे आपली कृती आहे. आणि ती निरुपद्रवी नाही. न बोललेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालून त्या शब्दांबद्दल त्यास शिक्षा करणे, हा न्याय कोणत्या धर्मात बसतो? कोर्टात असे कोणी केले तर आपण त्यास खोटी साक्ष म्हणू. घरात करतो तेव्हा त्यास काळजी म्हणतो. आजवर मी या चिंतेला मनाचा दुबळेपणा समजत होतो. आता तिच्यातील असत्याकडे माझे लक्ष अधिक जाते.

भागवताच्या दशम स्कंधात या व्यथेचे एक फार सूक्ष्म चित्र आहे. रुक्मिणीने विश्वासू ब्राह्मणाबरोबर द्वारकेस निरोप धाडला. विवाहाला आता एकच रात्र उरली; श्रीकृष्ण आले नाहीत, आणि निरोप नेणारा ब्राह्मणही परतला नाही. तिच्या मनात काय आले? प्रथम तिला कारण समजेना. मग वाटले, त्यांना माझ्यात काही निंद्य दिसले असेल. मग वाटले, माझे दैवच प्रतिकूल आहे, देवी माझ्यावर रुसली आहे. पाहा, क्रम किती ओळखीचा आहे! उत्तर नाही, म्हणजे माझ्यात खोट आहे. माझ्यात खोट आहे, म्हणजे अवघे जग माझ्याविरुद्ध आहे. प्रत्यक्षात श्रीकृष्ण एका रात्रीत विदर्भास येऊन ठेपले होते, आणि तो ब्राह्मण त्यांच्याच आज्ञेने अंतःपुराकडे चालत येत होता. उत्तर निघालेले होते. ज्या रस्त्याने ते येत होते तो रस्ता फक्त तिला दिसत नव्हता.

परंतु रुक्मिणीची थोरवी तिची शंका चुकीची ठरली यात नाही. तसे होणे तिच्या हातचे नव्हते. ती अशी की या साऱ्या व्याकुळतेत तिने श्रीकृष्णाच्या नावाने एकही कठोर वाक्य रचले नाही, आणि दुसरा दूत धाडून पहिला निरोप मोडला नाही. पाण्याने भरलेले डोळे तिने मिटून घेतले. त्या ठिकाणी भागवतकारांनी तिला 'कालज्ञा' म्हटले आहे, काळ जाणणारी. अजून वेळ गेलेली नाही, हे तिला रडतानाही ठाऊक होते. मला वाटते, आमच्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर याच एका शब्दात दडलेले असावे. कथेतील ते कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर, असे परंपरा मानते. आषाढीला तेथून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. येथील कितीतरी मराठी घरे मूळची त्याच वऱ्हाडातली आहेत. एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर' आपल्या आजीच्या पिढीने मुलींची लग्ने जमावीत म्हणून वाचले. ज्यांच्या मुलामुलींची लग्ने होऊन ती दूर गेली आहेत, त्यांनीही ते एकदा वाचावे.

येथे कोणी शंका घेईल की, 'कर्म कर, फळाची अपेक्षा ठेवू नकोस, हे ठीक; पण मुलाचे उत्तर हे काय फळ झाले? तो आमचा हक्क आहे. आणि पोटच्या मुलाकडून अपेक्षाच ठेवू नये, तर मग आम्ही दगड व्हावे काय?' शंका रास्त आहे, आणि तिला झटकन उत्तर देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मला दिसते ते असे. दुसऱ्या अध्यायाचा ४७वा श्लोक प्रेम सोडावयास सांगत नाही. आपला अधिकार कोठे संपतो ती मर्यादा तो आखून देतो. संदेश लिहिणे माझ्याकडे आहे. तो खरा, हिताचा आणि दुसऱ्याला न टोचणारा असावा, हे सतराव्या अध्यायातील वाणीच्या तपाने सांगितलेच आहे. संदेश हातून सुटला की त्या पलीकडे दुसऱ्याचे क्षेत्र सुरू होते. अठराव्या अध्यायात कोणतेही कार्य घडण्यास पाच कारणे सांगितली आहेत: आधार, करणारा, साधने, नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवे दैव. मुलाचे उत्तर हेही एक कार्यच. तो कोठे आहे, त्याच्या मनाची स्थिती काय आहे, हातातले यंत्र चालू आहे की नाही, त्या घटकेस तो कशात गुंतला आहे, आणि शेवटी ज्याला नाव देता येत नाही असे काही. या पाचांतले एकही आपल्या मुठीत नाही. असे असता उत्तर न येण्याचे कारण एकच, आणि ते मी, असे धरून बसणे हा विनय नव्हे. त्यात अहंकारच आहे, फक्त तो रडव्या तोंडाचा आहे.

अपेक्षा राहील, राहू द्यावी. बाराव्या अध्यायातील 'अनपेक्ष' भक्ताची पायरी तुमच्याआमच्यासारख्या प्रापंचिकांना एका दिवसात चढता येणारी नाही. पण अपेक्षा आणि वसुली यांत अंतर आहे. आई वाट पाहते ही अपेक्षा. तीच आई पहाटे पाच वाजता 'वाचलेस ना? मग?' असे लिहिते ती वसुली. वाट पाहण्याने मुलावर ओझे पडत नाही. आणि जे मनात आहे तेच लिहिण्याचीही एक शिस्त आहे. 'जेवलास का?' याचे उत्तर 'हो' एवढेच असते. ते आले तरी आपले समाधान होत नाही, कारण आपण विचारले होते दुसरेच. त्यापेक्षा 'तुझा आवाज ऐकावासा वाटतो, रविवारी सवडीने फोन कर' असे सरळ लिहावे. मग त्याने केला अथवा न केला तरी आपण खोटे बोललो नाही.

उत्तर न देणाऱ्यांच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे, नाहीतर हा उपदेश एकतर्फी होईल. दुसऱ्याला उद्वेग देत नाही आणि दुसऱ्यामुळे उद्वेग पावत नाही, असे दोन्ही अंगांनी भक्ताचे वर्णन बाराव्या अध्यायाच्या १५व्या श्लोकात आहे. आपण सारे दुसरे अंग मिळवू पाहतो आणि पहिले विसरतो. सविस्तर उत्तरास सवड नसेल तर 'वाचले, रात्री लिहितो' एवढे तीन शब्द धाडण्यास किती वेळ लागतो? पोच देण्याची जुनी रीत ही औपचारिकता नव्हती, ती दया होती. मौनालाही सतराव्या अध्यायात तप म्हटले आहे, पण ते मनाचे तप म्हणून. दुसऱ्यास तडफडत ठेवण्यासाठी धरलेल्या मौनाला ते नाव देता येणार नाही. ज्यांच्या मोबाईलवर वरिष्ठांचे हुकूम रात्री अकरा वाजता येतात त्यांची गोष्ट निराळी. मंत्रालयातील एका तरुणाने मला सांगितले की त्यास न आलेल्या उत्तराची नव्हे, आलेल्या संदेशाचीच धास्ती वाटते. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर अशा संदेशांपासून दूर राहण्याचा हक्क कायद्याने मान्य केला आहे. आपल्याकडे वरिष्ठांचा विवेक हाच तूर्त कायदा आहे, म्हणजे बहुधा कायदा नाही. घरी आल्यावर अशा मुलाने आईच्या संदेशाकडे नुसते पाहिले आणि यंत्र उलटे ठेवले, तर त्यात आईचा अनादर नसून दिवसाचा थकवा असतो, हे आईने जाणावे. आणि आईला ती निळी खूण दिसते, हे मुलाने.

मनाला आवरण्याविषयी सहाव्या अध्यायात अर्जुनाने तक्रार केली, आणि ते कठीण आहे हे भगवंतांनी प्रथम मान्य केले. मग अभ्यास व वैराग्य सांगितले. वैराग्याचे मला फारसे बोलता येणार नाही. अभ्यास मात्र मी एक लहानसा करून पाहिला आहे. संदेश पाठविल्यावर यंत्र आतल्या खोलीत ठेवावयाचे आणि दिवेलागणीपर्यंत पाहावयाचे नाही. पहिले चार दिवस हात आपोआप खिशाकडे जात होता. रिकामा खिसा पाहून मला माझीच लाज वाटली. आणि मनात दुसऱ्याचे वाक्य तयार होऊ लागले की स्वतःला विचारावयाचे, 'हे त्याने लिहिले की मी?' हा प्रश्न अजूनही दिवसातून एकदोनदा विचारावा लागतो.

पुढच्या गुरुवारी मी हे सारे बोलण्याच्या तयारीने बैठकीस गेलो. बाई आधीच येऊन बसल्या होत्या. मी विचारले, "काय ताई, आले का उत्तर?"

"नाही काकाजी," त्या म्हणाल्या. "पण दोनदोनदा मोबाईल उघडून त्याचेच नाव शोधत होते ना, तेव्हा खाली सरकता सरकता वर्ध्याच्या नणंदेचा मेसेज दिसला. तिचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले, तेव्हाचा. मी वाचला होता, आणि राहूनच गेला. तीन आठवडे झाले. तिच्याकडेही निळी खूण दिसत असेल, नाही का?"

एवढे बोलून त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, आणि वाचन सुरू होण्यास पाच मिनिटे अवकाश आहे ना, असे मला विचारून त्या लिहू लागल्या.